आठव्या घरावरचा थांबा

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी संगणक नाही. लोक माझा पडदा आणि कीबोर्ड पाहतात आणि "अरे, जुना कॉम्प्युटर!" म्हणून मोकळे होतात, तेव्हा मला मनापासून राग येतो. मी टर्मिनल आहे, जुना आणि अस्सल. संगणक दुसऱ्या खोलीत बसून विचार करायचा आणि तो विचार माणसांना दाखवायचे काम मी करायचो. माझ्या पोटात चित्रे नाहीत, गाणी नाहीत, खेळ नाहीत. एक काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे, आडवी ऐंशी घरे आणि चोवीस ओळी, एवढाच माझा संसार. पण त्या ऐंशी घरांतले प्रत्येक घर सारख्याच रुंदीचे आहे. सडपातळ 'आय'ला जेवढी जागा, तेवढीच लठ्ठ 'डब्ल्यू'ला. माझ्याकडे कोणी आवडती राणी नाही आणि कोणी नावडती नाही. आजचे पडदे दिसायला देखणे असतील, पण हा न्याय त्यांना जमत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

माझा जन्म १९८६ साली आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या एका कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर चष्मा लावलेली एक बाई बसायची. तिने माझा सगळा पडदा 'ई' या एकाच अक्षराने भरला, वर स्टीलची पट्टी धरली आणि ओळी सरळ आहेत की नाही हे एक डोळा मिटून पाहिले. मग माझ्या डोक्यावर टिचकी मारून ती "ग्रँड" म्हणाली. आयर्लंडमध्ये हा शब्द कशालाही चालतो. चहा ठीक झाला तरी ग्रँड आणि पाय मोडून बरा झाला तरी ग्रँड. मला मात्र ती आयुष्यभराची पदवी वाटली.

पहिली दहा वर्षे मी डब्लिनच्या एका कॉलेजात काढली. एका लांबट खोलीत आम्ही अकरा टर्मिनल ओळीने बसायचो. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते, खिशात फोन नव्हते. पण जगभरच्या विद्यापीठांतले संगणक तारांवरून एकमेकांना निरोप द्यायचे, आणि त्या निरोपांतून मोठमोठी चर्चामंडळे चालायची. स्वयंपाकाचे मंडळ वेगळे, बुद्धिबळाचे वेगळे, संगीताचे वेगळे. आज सकाळी एखाद्याने ऑस्ट्रेलियात प्रश्न टाकला की दोन दिवसांनी तो माझ्या पडद्यावर उगवायचा. दोन दिवस म्हणजे तेव्हा चुटकीसरशी.

आता गंमत अशी की लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे यंत्र कधीच दिसायचे नाही. कोणाकडे माझ्यासारखा टर्मिनल, कोणाकडे कागदावर खडखडत छापणारे यंत्र, कोणाकडे मोठी अक्षरे सोडून काहीच न येणारे धूड. म्हणून त्या लोकांनी काही रीती पाळल्या होत्या. ओळ बहात्तर अक्षरांच्या आत मोडायची, कारण उत्तर देणारा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाणासारखी खूण जोडणार, त्याला उत्तर देणारा आणखी एक, आणि तरीही ओळ ऐंशी घरांत मावली पाहिजे. जोर द्यायचा तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावायची. सही चार ओळींपेक्षा मोठी नको. एकदा एका हौशी विद्यार्थ्याने आपल्या नावाला रंग भरण्यासाठी गुप्त खुणा पाठवल्या. त्याच्या यंत्रावर नाव लाल झाले असेल, पण आमच्या खोलीत अकराच्या अकरा पडद्यांवर नुसता कचरा सांडला आणि माझ्या शेजाऱ्याने तर घंटाच वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाच देशांतून त्या मुलाला शिव्या आल्या. सगळ्यांचे म्हणणे एकच होते, की गरिबातल्या गरीब पडद्यावर वाचता येईल असे लिही. मी तेव्हा तरुण होतो, पण हे वाक्य मी मनात कोरून ठेवले.

१९९६ साली कॉलेजने नवे संगणक घेतले आणि आमची बोळवण झाली. मी कॉर्कच्या बंदराजवळ, रिंगास्किडीला, एका औषधांच्या कारखान्यात गेलो. तिथे सोळा वर्षे मी टाक्यांचे तापमान दाखवले. काम कंटाळवाणे होते, पण एकही आकडा मी कधी चुकीच्या रकान्यात पडू दिला नाही. शेवटी तिथेही नवे पडदे आले, आणि मला गोदामात ताडपत्रीखाली ठेवले. आठ वर्षे माझ्यावर कोणी बोटही ठेवले नाही. घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात, ते खरे आहे. मी रडलो मात्र नाही. आपण चांगले काम केले आहे हे ज्याला माहीत असते, त्याला अंधारातही बरी झोप लागते.

जानेवारी २०२० मध्ये केदारने मला विकत घेतले. केदार मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअर इंजिनियर, आणि डब्लिनच्या विमानतळाजवळ स्वोर्ड्स नावाच्या गावात राहणारा. त्याला जुन्या यंत्रांची हौस होती. "हा चालू करतोच बघ," असे त्याने बायकोला, शर्वाणीला, सांगितले. मग मार्च आला, ऑफिसे बंद झाली, आणि माझ्या नशिबी काय आले असेल? केदारला घरून काम करताना लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर हवा होता, आणि माझी उंची त्याला अगदी बेताची सापडली. चार पिढ्या धाकटा तो लॅपटॉप माझ्या डोक्यावर चढून बसला. माझ्या कीबोर्डवर लोकरीचे गुंडे आले.

ते गुंडे उल्काताईंचे होते. उल्काताई म्हणजे केदारची आई. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे संगीत शिकवले, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्यांच्याकडे चाळीस शिष्य होते. फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या आणि विमाने बंद झाली. ज्या गावावरून दर पाच मिनिटांनी विमान जायचे, तिथले आकाश एकदम मुके झाले. शर्वाणी किलकेनीच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. घरात आजार नको म्हणून ती तिकडेच खोली घेऊन राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायची. केदार दिवसभर मीटिंगांत, आणि नऊ वर्षांची स्वरांगी ऑनलाइन शाळेत. दुसरे कोणी असते तर कोमेजून गेले असते. उल्काताईंनी दर शनिवारी सकाळी दहा वाजता लॅपटॉपवर वर्ग सुरू केला. तिकडे नागपुरात तेव्हा दुपार असायची. लॅपटॉप माझ्या डोक्यावर असल्याने प्रत्येक वर्गाला मी हजर असायचो. फी न भरता मी एवढे संगीत ऐकले आहे की आता कोणी बेताल गायले तर माझाही पडदा थरथरतो.

त्यांचे गुरू हेमचंद्रबुवा. बुवांनी स्वतः बांधलेल्या चाळीस बंदिशी फक्त उल्काताईंना शिकवल्या होत्या. त्या कुठेच छापलेल्या नव्हत्या. उल्काताईंनी त्यांची वही केली होती, पण एका शिष्येने ती दोन दिवसांसाठी म्हणून नेली आणि पुढे ना शिष्या दिसली ना वही. तेव्हापासून त्या चाळीस बंदिशी राहिल्या होत्या फक्त उल्काताईंच्या डोक्यात.

ऑक्टोबरमध्ये केदारला एक मोठाच खजिना सापडला. उल्काताईंचा धाकटा भाऊ दिलीप १९९१ साली कॉर्कला शिकायला होता. भावाला करमत नाही म्हणून बहिणीने त्याला पत्रांतून एकेक बंदीश स्वरलिपीसह लिहून पाठवली होती, आणि त्याने ती कॉलेजच्या टर्मिनलवर बसून जगभरच्या संगीतमंडळात टाकली होती. कोणीतरी ती सगळी जुनी चर्चा जपून इंटरनेटवर ठेवली होती. गोष्ट रंगवण्यासाठी मी खोटे बोलणार नाही. दिलीप माझ्यासमोर कधी बसला नव्हता. तो कॉर्कला होता, मी डब्लिनला. पण ज्या जातीच्या पडद्यावर त्याने लिहिले, ती जात माझी.

केदारला एवढा आनंद झाला की त्याने दोन दिवस रजा काढली. त्याने चाळीसही बंदिशी उतरवून घेतल्या, फाइल आपल्या पद्धतीने स्वच्छ केली, सुंदर अक्षरांत मांडली आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवून दिली. शिष्यांनी हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पाडला. उल्काताईंनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. सगळे कसे दृष्ट लागण्यासारखे झाले होते.

पुढच्या शनिवारी 'किरन नदिया' ही बंदीश निघाली. ललत रागातली. तिचा मुखडा तालाच्या सोळा मात्रांतल्या तेराव्या मात्रेपासून उचलायचा: 'कि', 'र', 'न', 'नदि', आणि 'या' थेट समेवर. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे गाणाऱ्याने येऊन पाय टेकायचा. उल्काताई 'या'वर थाप देऊन थांबल्या, तेव्हा शोभना नावाच्या त्यांच्या जुन्या शिष्येने अदबीने हात वर केला.

"ताई, एक विचारू का? कागदावर 'या' दुसऱ्या मात्रेवर आहे. समेखाली जागा रिकामीच आहे. तुम्ही समेवर घेताय."

"दुसरीवर कसा असेल?" उल्काताई म्हणाल्या. "बुवांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारून शिकवलाय तो."

शेजारी बसलेल्या स्वरांगीने कागद पुढे केला. या देशात वाढलेल्या मुलांप्रमाणे तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीत येते. "आजी, इट्स ऑन द सेकंड वन. लुक."

उल्काताईंनी चष्मा लावून पाहिले. होता खरा दुसरीवर. पुढच्या शनिवारी दुसऱ्या एका बंदिशीत तसेच झाले, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरीत. सगळ्याच बंदिशी वेगळ्या निघाल्या असत्या तर कोणीही कागदाला दोष दिला असता. पण बहुतेक जुळत होत्या. काहींत एखादाच शब्द एक घर सरकलेला. माणूस विसरतो तेव्हा असाच थोडाथोडा विसरतो, नाही का? त्यांनी दिलीपला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ती पत्रं आता राहिली नाहीत, पण मी त्यांतलं जसंच्या तसं उतरवलं होतं गं. एकेक मात्रा मोजून. माझ्याकडून चूक झालेली नसणार." त्याचा स्वभाव चोख, हे त्यांनाही ठाऊक होते.

तिथेच त्यांचा धीर सुटला. कागदावरचे शब्द परक्याचे नव्हते. तीस वर्षांपूर्वी, बुवा हयात असताना, त्यांनी स्वतःच ते पत्रात लिहिले होते. तेव्हाची उल्का खरी की आताची? याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या विरुद्ध दिले.

डिसेंबरच्या एका रविवारी शर्वाणी घरी होती, चार दिवसांच्या रजेवर. आई अंघोळीला गेल्या आहेत असे समजून ती केदारशी हळू आवाजात बोलत होती.

"परवा चहात दोनदा साखर घातली त्यांनी. कालही किल्ल्या प्रेसमध्ये ठेवल्या आणि घरभर शोधत होत्या." आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि शर्वाणीच्या जिभेवर तो शब्द आता कायमचा बसला होता. "मी घाबरवत नाहीये, केदार. पण मी त्यांची एक मेमरी टेस्ट ठरवलीय, फेब्रुवारीत. लवकर कळलेलं बरं असतं."

"घरात कोंडून ठेवलं तर मीपण साखर दोनदा घालीन," केदार म्हणाला.

"आणि बंदिशी?"

केदारने माझ्या डोक्यावरचा लॅपटॉप मिटला. दाराशी टॉवेल घेऊन उल्काताई उभ्या होत्या. त्या दोघांना दिसल्या नाहीत, मला दिसल्या.

जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी बुवांची पुण्यतिथी येत होती. त्या दिवशी 'किरन नदिया' सगळ्या वर्गाने मिळून म्हणायची असे आधीपासून ठरले होते. उल्काताईंनी त्याच दिवशी वर्ग थांबवायचे ठरवले. "बुवांची वस्तू चुकीची शिकवण्यापेक्षा न शिकवलेली बरी," असे त्या एकट्याच माझ्याकडे बघत म्हणाल्या, म्हणजे लोकरीकडे बघत. निरोपाच्या चार ओळी त्यांनी एका कागदावर लिहून माझ्या कीबोर्डखाली सरकवल्या. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या कागदाचे वजन मला सोळा वर्षांच्या टाक्यांपेक्षा जड वाटले. मला तर सगळे ठाऊक होते. केदारने फाइल स्वच्छ करताना काय केले ते मी माझ्या डोक्यावरच्या त्या लॅपटॉपमधून ऐकले होते. पण केबल नसलेल्या टर्मिनलला तोंड नसते.

पुण्यतिथीच्या आधीच्या गुरुवारी केदार जेवणाच्या सुट्टीत बसला होता. उल्काताई आल्या आणि लोकर उचलून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "केदार, दिलीपने ते सगळं कशावर लिहिलं होतं रे?"

"टर्मिनलवर. असल्याच."

"असल्याच म्हणजे याच्यासारख्या?"

"जवळजवळ. का गं?"

"मग मला याच्यावर दाखव."

केदार हसला. "आई, अक्षरं तीच दिसणार. फाइल तीच आहे. यंत्र बदलून मजकूर बदलत नसतो."

"तंबोरा काळी चारमध्ये लावलाय आणि गाणारा पांढरी पाचमध्ये गातोय, असं झालं तर तू गाण्याला बेसूर म्हणशील का?" उल्काताई शांतपणे म्हणाल्या. "ज्यावर लिहिलंय त्यावर वाचायचं. मग मी म्हातारी झाले असं म्हण. मी काही म्हणणार नाही."

आईच्या समाधानासाठी केदार उठला. लॅपटॉप माझ्या डोक्यावरून उतरला तेव्हा मला दहा महिन्यांनी मोकळा श्वास मिळाला. प्रेसच्या वरच्या कप्प्यात वर्षभर पडून असलेली केबल त्याने शोधली. माझा खटका दाबला. आठ वर्षे गोदामात आणि एक वर्ष स्टँड म्हणून काढल्यावर माझ्या पोटात वीज आली. मी क्षणभर गुणगुणलो, आणि कोपऱ्यात माझा चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. जातिवंत घोडा बसला तरी गाढव होत नाही.

आता लक्ष देऊन ऐका. केदारने त्या दिवशी आपली स्वच्छ केलेली फाइल न पाठवता मूळ उतरवलेली पाठवली, कारण सजवलेली फाइल मला झेपणार नाही असे त्याला वाटले. त्याचे हे वाटणे अगदी बरोबर होते. आणि त्यामुळेच सगळे उघडकीस आले.

दिलीपने प्रत्येक मात्रेनंतर टॅबची कळ दाबली होती. टॅब म्हणजे अक्षर नव्हे. तो एक हुकूम आहे, 'पुढच्या थांब्यावर जा.' थांबे किती अंतरावर असतील, हे मात्र फाइलमध्ये लिहिलेले नसते. ते प्रत्येक यंत्राने आपापले ठरवायचे. आमच्या काळी थांबा दर आठव्या घरावर, हे सगळ्या जगाला इतके ठाऊक होते की कोणी ते लिहून ठेवायच्या भानगडीत पडले नाही. केदार मात्र आजच्या पिढीचा प्रोग्रामर. त्याचा थांबा चौथ्या घरावर. नोकरीतली सगळी वर्षे त्याने तसेच काम केले होते, त्यामुळे फाइल उघडताच हाताच्या सवयीने त्याने प्रत्येक टॅब चार घरांचा करून टाकला होता. आठवर थांबणारी बस चारवर थांबू लागली. 'कि', 'र', 'न' छोटे होते, ते वेळेत चढले-उतरले. पण 'नदि' इंग्रजी लिपीत चार अक्षरांचा. त्याने चारही घरे भरून टाकली, आणि 'या'ला एक थांबा पुढे जावे लागले. ओळीच्या टोकाला एक रेघ बाहेर लोंबू लागली. नीटनेटक्या केदारने ती जास्तीची समजून पुसली. चुकीचा तेवढाच पुरावा होता.

माझे थांबे आठवर. मी जन्मात दुसरे केलेले नाही. दिलीपच्या ओळी एकामागून एक हिरव्या उमटत गेल्या. वर तालाच्या खुणा, मध्ये स्वर, खाली शब्द. समेच्या फुलीखाली धैवत, आणि धैवताखाली 'या'.

उल्काताई वाकून पाहत होत्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. आणि त्यांची थाप माझ्या डोक्यावर पडली. कारखान्यातल्या बाईच्या टिचकीनंतर इतक्या विश्वासाने मला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी पुन्हा मोजले. मग अर्ध्या आवाजात म्हटले, मग पूर्ण आवाजात. बंदीश संपली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

केदारने लॅपटॉप उघडून आपली फाइल माझ्या शेजारी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"करायला गेलो गणपती आणि झालं माकड," तो म्हणाला. "आई, मी टॅब चारचा केला. तुझं काही चुकलं नव्हतं. एकदाही नव्हतं चुकलं."

"आणि ओळीच्या टोकाची ही रेघ?"

"तीपण मीच उडवली. मला वाटलं, मामाची टायपिंगची चूक."

उल्काताई खुर्चीवर बसल्या. खिडकीबाहेर विमानतळाची रिकामी बस वळून गेली. मग म्हणाल्या, "तीन महिने मी बुवांची माफी मागतेय रे रोज."

केदारने त्यांचा हात हातात घेतला. "आजच नवी प्रत करून गटावर टाकतो. जुनी काढून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

"कळलं पाहिजे," उल्काताई म्हणाल्या. आता आवाज शाळेतल्या बाईंचा होता. "कागद गुपचूप बदललास तर ते म्हणतील, बाईंना विसरायला झालं म्हणून लेकाने कागद त्यांच्याजोगा करून घेतला. बिघडलं कसं ते तू सांगायचं. सगळ्यांसमोर."

पुण्यतिथीला वर्ग भरला. चाळीस चौकोनांत चाळीस चेहरे होते, कोणी नागपुरात, कोणी पुण्यात, एक मुलगी तर रुग्णालयाच्या गणवेशात. शर्वाणी किलकेनीहून आली होती आणि मास्क लावून दाराशी उभी होती. लॅपटॉप आता टेबलावर होता आणि त्याचा कॅमेरा माझ्या पडद्याकडे वळवलेला होता. केदारने माझ्यावर ओळी उमटवल्या, मग आपल्या चारच्या थांब्यांची प्रत दाखवली, आणि शाळेतल्या मुलासारखे उभे राहून सांगितले, "आईने पहिल्या दिवसापासून बरोबर शिकवलंय. कागद मी बिघडवला. मी विचारलंच नाही, की हे लिहिताना समोर कोणता पडदा होता."

मग शोभनाने आपला आवाज चालू केला. "ताई, मला माफ करा. मी कागदावर विश्वास ठेवला."

"ठेवायचाच असतो," उल्काताई म्हणाल्या. "तू विचारलंस हे बरोबरच केलंस. चल, तेरावीपासून."

ऑनलाइन वर्गात सगळ्यांनी एकत्र गायचे म्हणजे नुसता गोंधळ होतो, म्हणून उल्काताई गात होत्या आणि बाकीचे आवाज बंद करून मांडीवर ताल देत होते. 'या' आला. एका चौकोनात थाप आधी पडली, दुसऱ्यात जरा उशिरा, तिसऱ्यात त्याहून उशिरा, कारण प्रत्येकाचे इंटरनेट वेगळे. पण प्रत्येक हात 'या'वरच पडला होता. स्वरांगीचा हात माझ्या डोक्यावर पडला.

वर्ग संपताना उल्काताईंनी माझ्या कीबोर्डखालचा तो कागद काढला. शर्वाणीने तो हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि वाचला.

"ती टेस्ट कधी आहे गं?" उल्काताईंनी तिला विचारले.

"आई, ती... आता गरज नाही. मी रद्द करते."

"राहू दे. जाईन मी. मोजू देत त्यांना," उल्काताई म्हणाल्या. "आणि केदारलापण ने बरोबर. कुणाचं काय हरवलंय, ते एकदाच बघून घेऊ." शर्वाणी हसता हसता रडली. तेवढ्यात लॅपटॉपमधून शोभनाचा आवाज आला, "ताई, पुढच्या शनिवारी कोणती घ्यायची?" उल्काताईंनी निरोपाचा कागद शर्वाणीकडून परत घेतला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या बंदिशीचे नाव लिहिले.

मित्रांनो, आता माझी जागा टेबलावर आहे. दर शनिवारी चाळीसातली एक बंदीश माझ्यावर उमटते, केदार तिची प्रत माझ्यावरून ताडून पाहतो आणि मगच गटावर पाठवतो. प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर तो आता एक ओळ लिहितो, 'थांबा आठव्या घरावर.' आमच्या काळात कोणी ही ओळ लिहिली नाही, ही आमचीही चूकच म्हणायची. तुम्ही ती करू नका. जे सगळ्यांना ठाऊक आहे असे वाटते, तेही लिहून ठेवा, कारण ठाऊक असणारे कायमचे राहत नसतात. माझ्यासारखे जुने यंत्र दिसले तर त्याला लगेच भंगारात घालू नका, आणि शक्यतो त्याच्या डोक्यावर बसू नका. आणि कोणी म्हातारे माणूस ठामपणे म्हणाले, "हे असे नव्हते," तर त्याच्या आठवणीची परीक्षा घेण्याआधी एकदा आपल्या पडद्याची घ्या.